डावा कौल

चिकपेटेत साड्यांच्या दुकानांमागे एक गल्ली आहे. रिक्षावाला तिथं शिरायला कुरकुर करतो आणि शिरला तर उलटं निघताना शिव्या घालतो. त्या गल्लीच्या टोकाला लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ, आणि देवळाच्याच अंगणात शाळा. ज्या मराठी घरांनी हे दोन्ही उभं केलं ती कधीच जयनगरला आणि त्याच्याही पुढं पांगली. शाळेत मराठी बोलणारं मूल आता एखाददुसरंच. बाकी सगळी हमालांची, शिलाईवाल्यांची, फुलं विकणाऱ्यांची लेकरं. कुणी कानडी, कुणी तमिळ, कुणी तेलुगू. पण आईबाप कामाला निघायच्या आधी फाटक उघडायचं, ते परत येईपर्यंत मूल देवळाच्या सावलीत राहायचं आणि दुपारी देवाला दाखवलेला भात आणि सारू, म्हणजे पातळ सार, त्यांच्या पानावर पडायचा, एवढं मात्र पहिल्यापासून चालत आलं होतं.

कस्तुरीबाई देवळामागच्या दोन खोल्यांत राहत. त्यांचे यजमान तिथले पुजारी होते; ते गेल्यावर धाकटे दीर आप्पाजी पूजा करू लागले. बाईंनी याच शाळेत उभी हयात शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही पहिलीच्या मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेणं काही सोडलं नव्हतं. गल्लीला त्या कस्तुरीअक्का. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना एक नेम दिला होता. पहाटे अंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंबही न घालता, देवासाठी चंदन उगाळायचं. उगाळताना बोलायचं नाही आणि मनात दुसरं काही आणायचं नाही. बायकांनी गाभाऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही, ही इथली रीत. बाईंनी ती कधी मोडली नाही. मोडावीशी त्यांना वाटलीही नाही. आपण बाहेर राहिलो तरी आपल्या हातचं चंदन रोज देवाच्या कपाळावर आणि छातीवर असतं, यात त्यांना सगळं भरून पावत असे.

तर या शाळेच्या जिवावर बेतलं होतं. देवळाचं छप्पर पावसात गळत होतं, मोठे उत्सव बंद पडले होते, आणि ट्रस्टच्या निम्म्या मंडळींचं म्हणणं पडलं, की शाळा पाडून तिथं कल्याणमंटप बांधावा. लग्नं होतील, चार पैसे येतील, देऊळ तगेल. हे सगळं हिरिरीनं मांडणारा सुशांत तसा वाईट मुलगा नव्हता. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, दर शनिवारी बायकोला घेऊन आरतीला हजर. बैठकीत त्यानं प्रोजेक्टरनं भिंतीवर चित्रं पाडून दाखवली आणि बाईंना म्हणाला, "काकू, तुमच्या इमोशन्स मी समजू शकतो, पण हे मॉडेल चालणारं नाहीये." आप्पाजी नंतर खोलीत येऊन पाय चोळत बसले आणि म्हणाले, त्या पोराच्या चित्रातलं देऊळ गळत नाही वैनी, आपण तिथंच राहायला जाऊ. बाई हसल्या.

अध्यक्ष पद्मनाभराव. कॉलेजचे प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले, आणि लहानपणी याच अंगणात पाटी घेऊन बसलेले. ते कुणाच्याच बाजूनं बोलेनात. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, असं दोनतीन बैठकांत झाल्यावर त्यांनी वर्षभर विषय पुढे ढकलू या म्हणून सुचवलं. तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या कस्तुरीबाईंनी, कधी नव्हे ते, बैठकीत तोंड उघडलं.

"देवालाच विचारा ना," त्या म्हणाल्या. "मामंजी असताना लावायचे तसा कौल लावा."

वर्षभर ढकललं असतं तर वर्षभर तरी शाळा चालली असती. पण बाईंना वर्ष नको होतं, कायमचं हवं होतं. आणि देव लेकरांना अंगणातून हाकलून देईल ही गोष्ट त्यांच्या स्वप्नातही शिरू शकत नव्हती. आपण देवाच्या तोंडून वदवून घेऊ, मग कुणाची बोलायची टाप नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.  पद्मनाभराव म्हणाले, सरी, ठीक आहे, तसं करू. मात्र जे येईल ते सगळ्यांनी मानायचं. सगळ्यांनी हो म्हटलं. सुशांतनंही म्हटलं.

या देवळातला कौल असा: काळ्या पाषाणाच्या नृसिंहाच्या दोन्ही खांद्यांवर तुळशीचं एकेक पान नुसत्या पाण्यानं चिकटवायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. देवाच्या उजव्या खांद्यावरचं पान आधी पडलं तर होकार, डाव्या खांद्यावरचं पडलं तर नकार. एका गोष्टीसाठी कौल एकदाच. पुन्हा विचारणं म्हणजे देवाच्या शब्दावर शंका घेणं.

त्या दिवशी गल्ली नुसती भरून गेली होती. मुलांचे आईबाप कामावर खाडा करून आले होते. फाटकाशी बसून फुलं विकणारी यल्लव्वा नातीला, कावेरीला, कडेवर घेऊन पार पुढं येऊन उभी होती. यल्लव्वा मूळची निपाणीकडची. मुलगा आणि सून बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, दिवस उजाडायच्या आत जाणारे, अंधार पडल्यावर येणारे. पोर सांभाळायची ती या शाळेनं आणि आजीच्या टोपलीनं.

बाईंनी नेमाप्रमाणे चंदन उगाळून वाटी आत दिली. त्या दिवशी जरा जास्तच उगाळलं गेलं होतं, कारण मन काही केल्या थाऱ्यावर राहत नव्हतं. हात धुवायला वळणार तोच आप्पाजींनी आतून हाक मारली, वैनी, तुळस. बाईंनी पदराला बोटं पुसली न पुसली आणि अंगणातल्या वृंदावनाकडं धावल्या. मुलांनीच पाणी घालून वाढवलेली ती तुळस. जवळच कुठलीशी इमारत उठत होती, तिच्या धुळीनं पानं माखलेली. त्यांनी दोन निवडली, एकसारखी, पाण्यातून काढली, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवली. उजवीकडचं होकाराचं. त्याच्या मागच्या बाजूला अजून जरा मळ राहिलाय असं त्यांना वाटलं. ते त्यांनी अंगठ्यानं हलक्या हातानं पुसलं, बाळाचं नाक पुसावं तसं. डावं तसंच राहू दिलं.

आप्पाजींनी पानं लावली, प्रश्न विचारला: शाळा इथंच चालू ठेवावी का? समईच्या उजेडात सगळे मान उंचावून बघत राहिले.  आणि फार वेळ झाला नाही, डाव्या खांद्यावरचं पान सुटलं, देवाच्या गुडघ्यावर टेकलं आणि खाली पडलं. उजवं हललंही नाही.

 सुशांतनं मान खाली घातली होती, तो जिंकल्यासारखा दिसत नव्हता. पद्मनाभरावांनी जमिनीवर डोकं टेकवलं आणि उठताना त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. बाई उंबऱ्याबाहेर बसून होत्या तशाच राहिल्या. त्यांच्या कानावर फक्त यल्लव्वाचा आवाज आला. ती नातीच्या पाठीवर थोपटत पुटपुटत होती, देवा, तुझी मर्जी.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पाजींनी निर्माल्याचं तबक बाहेर सरकवलं. निर्माल्य निवडून विहिरीशेजारच्या खड्ड्यात घालायचं काम बाईंचं. हारांमध्ये उजव्या खांद्यावरचं ते तुळशीचं पान निघालं. आप्पाजी म्हणाले, हे सुटता सुटेना, पाणी शिंपडून काढावं लागलं. बाईंनी ते उलटं केलं. मागच्या बाजूला चंदनाची पिवळी खपली धरली होती, आणि खपलीवर अंगठ्याच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. त्यांनी स्वतःचा अंगठा तिच्याशेजारी धरून बघितला. बघायची गरज नव्हती.

 मग त्यांनी आप्पाजींना सगळं सांगितलं. आप्पाजी पायरीवर बसले. त्यांना पहिल्यांदा राग आला, मग दया आली असावी. ते म्हणाले, वैनी, बोलू नका कुठं. तुमचा हात कुणी पुढं केला? त्यानंच ना? देव पानातून बोलतो तर अंगठ्यातून का नाही बोलणार?

बाईंनी हे वाक्य घट्ट धरून ठेवलं. दोन दिवस त्याच्यावर काढले. पण पहाटे सहाणेसमोर बसल्या की तेच वाक्य उलटं व्हायचं. मी माझं पान जरा देखणं करून पाठवलं, दुसरं नाही केलं, हा भेदभाव तर माझा होता. तो देवाच्या नावावर कसा घालू? असं म्हणत गेलं तर माणसाच्या हातून जे जे वाकडं होईल ते देवाच्या खात्यावर जाईल, आणि माणूस आपला मोकळा. नेमाच्या इतक्या वर्षांत चंदन उगाळताना पहिल्यांदाच त्यांचं मन इकडं तिकडं भटकू लागलं.

त्या जयनगरला पद्मनाभरावांकडे गेल्या. त्यांच्या सूनबाईंनी कॉफी आणून ठेवली, ती तशीच गार झाली. बाई सांगत होत्या तोवर पद्मनाभराव खिडकीबाहेर बघत होते. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, उजव्याच पानाला का? बाईंनी तेही सांगितलं. मग ते म्हणाले, की आपणही त्या दिवशी मनात उजवाच मागत होतो. याच शाळेत आपण श्री काढायला शिकलो. बाईंना क्षणभर आशा वाटली. त्यांनी विचारलं, मग कौल पुन्हा लावायचा ना?

"वैनी," पद्मनाभराव म्हणाले, "आज चंदनानं चिकटलं म्हणून पुन्हा लावू. उद्या कुणी म्हणेल वाऱ्यानं पडलं, परवा म्हणतील आप्पाजींचा हात ओला होता. मग त्या देवळात उरलं काय? दगड आणि गळकं छप्पर."

"म्हणजे खरं कुणाला सांगायचंच नाही?"

"सांगा. मी तुम्हाला अडवणार नाही. पण सांगितल्यानं शाळा वाचेल असं समजून सांगू नका."

बाई उठल्या. दारापर्यंत सोडायला येऊन ते हळूच म्हणाले, कौल लावा असं तुम्ही म्हणाला नसतात तर मी वर्ष ढकललंच होतं. टोमणा नव्हता तो. ते नुसतं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

गल्लीत तोवर सगळ्यांनी आपापल्या मनाची समजूत घालून घेतली होती. हेच बाईंना सोसवेना. भांडण नाही, तक्रार नाही. मुलांचे आईबाप फाटकाशी येत, देवाला हात जोडत, आणि आता पोरं कुठं घालायची याची चौकशी करत निघून जात. यल्लव्वा तर सगळ्यांची समजूत काढायची. हार ओवता ओवता म्हणायची, देव बोलला म्हंजे त्याच्या मनात आमच्या पोरींचं कायतरी बरंच असंल की. मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घालीन, बसनं नेईन. एकदा तिनं बाईंच्या हातात शेवंतीचा गजरा ठेवला आणि त्यांचीच समजूत घातली, आक्का, तुम्ही इतकं मनाला लावून घ्यू नका, त्यो बघतोय.  आपला अंगठा देव होऊन बसलाय आणि ही बाई त्याच्यावर भरवसा टाकून राहिलीय, असं त्यांना वाटत राहिलं.

शनिवारच्या आरतीनंतर, तीर्थ घ्यायला रांग लागायच्या आधी, कस्तुरीबाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. आवाज त्यांचा मुळातच हळू. पुढच्यांना ऐकू गेलं, मागच्यांना पुढच्यांनी सांगितलं. आधी मराठीत बोलल्या, मग कानडीत. उजव्या पानाला माझ्या हातचं चंदन लागलं होतं, म्हणून ते पडलं नाही. कौल देवाचा नव्हता, चूक माझी होती. एवढंच.

 सभामंडपात कुजबुज सुरू झाली. जयनगरहून आलेल्या एका आजी शेजारणीला म्हणाल्या, शाळेसाठी जीव तुटतोय बिचारीचा, काहीही बोलते. दुसरी म्हणाली, मग इतके दिवस गप्प का होती? सुशांत जवळ येऊन म्हणाला, काकू, तुम्ही बसा जरा, पाणी आणू का, आणि त्याच्या स्वरात खरीच काळजी होती. पद्मनाभराव खांबाशी उभे होते. लोकांनी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, कौल एकदाच असतो. आणि तीर्थासाठी हात पुढे केला. त्यांच्यामागं रांग लागली.

लोक पांगले. आप्पाजींनी समया शांत केल्या, एकच ठेवली. यल्लव्वा मात्र टोपली उचलेना. ती मंडपाच्या पायरीवर बसली होती आणि कावेरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती. बाई तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या. 

"आक्का," यल्लव्वा म्हणाली, "कशाला सांगितलासा?"

"खरं होतं म्हणून."

"खरं घेऊन काय करू म्या? शाळा तर जाणारच न्हवं?"

बाई पायरीवर पडलेल्या शेवंतीच्या पाकळ्या वेचू लागल्या.

"देवानं सांगितलं म्हणून मी गप बसले," यल्लव्वा म्हणाली. ती रडत नव्हती, आवाजही चढला नव्हता. "सुनंला सांगितलं, रडू नगंस, देवाचं हाय. सगळ्यास्नी तेच सांगत फिरले. देवाशी कोण भांडणार? आता तुम्ही म्हंतासा, देवाचं न्हाई, माणसाचं हाय. तर मग आता कुणावर राग धरू, ते बी तुम्हीच सांगा."

समईची वात फडफडली, सावरली. कस्तुरीबाईंनी त्या झोपलेल्या पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारायला हात पुढं केला आणि मध्येच थांबवला.

"माझ्यावर धर," त्या म्हणाल्या.

यल्लव्वानं त्यांच्याकडं नीट बघितलं. देवाकडं बघावं तसं नाही, आणि अक्काकडं बघावं तसंही नाही. मग तिनं मान हलवली, एखादी वस्तू पत्करावी तशी. पोरीला खांद्यावर टाकलं, टोपली काखेत घेतली आणि पायऱ्या उतरून गेली.

वार्षिक परीक्षा झाल्या आणि उन्हाळ्यात शाळा उतरवली. भिंती फार भक्कम निघाल्या नाहीत. बाकं कुठल्याशा खेड्यातल्या शाळेला दिली, पहिलीच्या वर्गातला फळा न्यायला कुणी आलं नाही. तो आप्पाजींनी गळतीखाली आडवा लावला. लग्नाचा मंटप पुढच्या वर्षी पुरा होईल म्हणतात. तोवर अंगणात पत्रे आणि सळया पडून आहेत आणि पायाला लागू नयेत म्हणून भक्त एका कडेनं चालतात.

कस्तुरीबाईंचा नेम चालू आहे. मोडायचं त्यांच्या मनात आलं नाही. मोडला असता तर सोपं गेलं असतं, हे त्यांना कळत होतं. देवानं काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही, एवढं त्यांनी मानलं आहे. पूर्वी चंदनाची वाटी आत गेली की त्यांचे डोळे आपोआप मिटत. आता त्या वाटी आत जाताना उघड्या डोळ्यांनी बघत असतात.

यल्लव्वानं फाटकाची जागा सोडली. ती आता बाजाराच्या दुसऱ्या तोंडाला बसते. तिच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून देवाचा हार आप्पाजी लांबून आणतात. पण रोज सकाळी कावेरीला घेऊन बस गाठायला तिला याच रस्त्यानं जावं लागतं. दप्तर आजीच्या खांद्यावर, पोर अर्धवट झोपेत, मोठ्या रस्त्यावरची वाहनं आताच अंगावर येऊ लागलेली.

त्या वेळी कस्तुरीबाई गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहतात. पहिल्या दिवशी कावेरीनं त्यांना बघून हात वर केला होता. आजीनं तो धरून खाली घेतला, आणि त्यानंतर पोरगी हात करत नाही. यल्लव्वा बघते. थांबत नाही, तोंडही फिरवत नाही. बघते आणि पुढं जाते. आप्पाजींनी एकदा विचारलं, वैनी, रोज तिथं कशाला जाऊन उभं राहायचं, ती काही बोलायची नाही आता. बाई म्हणाल्या, बोलावं म्हणून नाही जात मी. राग धरायला माणूस समोर दिसायला हवा.

पावसाची झिमझिम असली तरी त्या जातात. दोघी लांबून दिसू लागल्या की डोक्यावरचा पदर मागं घेतात, चेहरा स्पष्ट दिसावा म्हणून, आणि त्या रस्ता ओलांडून दिसेनाशा होईपर्यंत तशाच उभ्या राहतात.